'स्टेबल कंडिशनमध्ये डिस्चार्ज', आणि त्याच्या पुढचं कोण मोजतं?

प्रति,
नाशिकमध्ये हार्टची आणि छातीची ऑपरेशन्स करणारे सगळे सर्जन, आणि त्यांच्या हॉस्पिटलांचे ट्रस्टी, डायरेक्टर, मॅनेजमेंट,

नमस्कार.

आधीच सांगून टाकतो, हे भांडणाचं पत्र नाही आणि बिल कमी करा असंही पत्र नाही. माझ्या वडिलांचं ऑपरेशन ज्यांनी केलं त्या डॉक्टरांना आमच्या घरात आजही हात जोडतात. पण दहा महिने झाले एक गोष्ट डोक्यातून जात नाहीये म्हणून लिहितोय, थोडं लांबेल, सांभाळून घ्या.

मी सातपूर एमआयडीसीत गाड्यांचे पार्ट बनवणाऱ्या एका कंपनीत क्वालिटीला आहे, चौदा वर्षं झाली. वडील, म्हणजे नाना, ६७ वर्षांचे, दिंडोरी तालुक्यात आमची थोडी द्राक्षबाग आहे ती तेच बघतात. शुगर वीस वर्षांची. यंदा संक्रांत झाली आणि पुढच्याच आठवड्यात त्यांची बायपास झाली, तीन ब्लॉकेज होते, महात्मा फुले योजनेत बसलं, ऑपरेशनला पैसा लागला नाही. आठव्या दिवशी घरी सोडलं. डिस्चार्ज कार्डवर शेवटची ओळ, पेशंट स्टेबल कंडिशनमध्ये डिस्चार्ज.

आता आमच्या लाईनमध्ये याला पीडीआय ओके म्हणतात. गाडीत माल भरायच्या आधी शेवटचं चेकिंग झालं, शिक्का मारला, माल गेला. पण त्याच्यावरून आमच्याकडे कोणी पार्ट चांगला होता असं म्हणत नाही, कस्टमरच्या लाईनवर बसला का, गाडी रस्त्यावर आल्यावर सहा महिन्यांत परत आला का, हे सगळं धरून आमचा आकडा निघतो आणि तो आकडा शॉपच्या दारातच बोर्डावर लिहिलेला असतो, शिपायापासून एमडीपर्यंत सगळ्यांना दिसतो. माणूस म्हणजे पार्ट नाही हे मला कळतं हो. उलट म्हणूनच विचारतोय.

नानांचं पुढे काय झालं ते सांगतो.

घरी आणताना गाडीत ते पुढच्या सीटवर, छातीला बेल्ट, आणि सिस्टरने सांगितलं होतं तशी उशी दोन्ही हातांनी छातीशी घट्ट धरलेली. म्हसरूळ सोडल्यापासून आमच्या घरापर्यंत १७ स्पीडब्रेकर आहेत, मी त्या दिवशी पहिल्यांदा मोजले, कारण प्रत्येकाला नाना डोळे मिटून 'आलं का?' विचारायचे आणि मी 'आलं' म्हटलं की उशी आवळायचे. छातीचं मधलं हाड उभं कापून स्टीलच्या तारांनी परत बांधलेलं असतं, ते जुळायला दोन-तीन महिने जातात, हे तेव्हा कळलं. ऑपरेशनच्या आधी कोणी सांगितलं नव्हतं असं म्हणणार नाही, सांगितलं असेल, सह्या तर आठ-दहा ठिकाणी केल्या होत्या.

घरी आल्यावर चौदा दिवस बरे गेले. मग छातीच्या टाक्यांच्या खालच्या टोकाला ओलसर दिसायला लागलं. बनियनला रुपयाएवढा पिवळट डाग. गावातल्या डॉक्टरांनी ड्रेसिंग केलं, गोळ्या दिल्या. मी हॉस्पिटलच्या नंबरवर फोन केला तर मंगळवारी ओपीडीला आणा म्हणाले, त्या दिवशी शुक्रवार होता. रविवारी रात्री थंडी वाजून ताप भरला, खोकला की छातीत हाड कटकट वाजायचं, आईला तो आवाज चुलीपर्यंत ऐकू यायचा. रात्री अकराला परत फोन, आयसीयूला बेड नाहीये, सकाळी या. थांबायची हिंमत झाली नाही, दुसऱ्या हॉस्पिटलला नेलं, तिथे बेड होता पण योजना नव्हती. इन्फेक्शन हाडापर्यंत गेलेलं होतं. तारा काढल्या, सडलेलं साफ केलं, जखमेवर तो व्हॅकचा, म्हणजे आतली घाण ओढून घेणारा पंप लावला, मग प्लास्टिक सर्जनने छातीचा मसल फिरवून खड्डा झाकला. २७ दिवस. फेब्रुवारीत बागेतला माल काढणीला आला तेव्हा नाना पंपाला जोडलेले आणि मी कॉरिडॉरमधून व्यापाऱ्याशी फोनवर भाव करतोय. किती पैसे गेले ते लिहीत नाही, सोसायटीचं कर्ज अजून चालू आहे एवढंच.

आता मुद्दा. नाना दुसऱ्या हॉस्पिटलला गेल्यामुळे पहिल्या हॉस्पिटलच्या रेकॉर्डला ते अजूनही स्टेबल कंडिशनमध्ये डिस्चार्जच आहेत! एक यशस्वी बायपास. जूनमध्ये मी मुद्दाम जाऊन ऑपरेशन केलेल्या डॉक्टरांना भेटलो, भांडायला नाही, सांगायला. त्यांना खरंच माहीत नव्हतं. खुर्चीतून उठले, 'अरे मला का नाही कळवलंत?' म्हणाले, नानांचा शर्ट वर करून स्वतः जखम बघितली, शुगरचे रिपोर्ट बघितले. भला माणूस. मी विचारलं, डॉक्टर, असं वर्षात किती जणांना होतं तुमच्याकडे? ते म्हणाले, असतील एक-दोन.

असतील एक-दोन. मी ऑडिटमध्ये हे उत्तर दिलं तर ऑडिटर तिथल्या तिथे एनसी, म्हणजे आमच्या नावावर चूक, लिहील.

डॉक्टरांचा दोष काढत नाही मी, कारण मोजायचं कोणी हे ठरलेलंच नाही. जो पेशंट परत त्यांच्याकडे येतो तो दिसतो, जो दुसरीकडे जातो किंवा गावातच खंगतो किंवा सुरगाण्याच्या एखाद्या पाड्यावर दगावतो तो दिसत नाही. आणि नाशिकला येणारे पेशंट काय फक्त कॉलेज रोडचे असतात का, कळवण, पेठ, येवला, मालेगाव, पार धुळे-नंदुरबारपासून लोक येतात, डिस्चार्ज झाला की एसटीत बसून गेले, संपलं.

दवाखान्यात बसून मी रात्री मोबाईलवर बरंच वाचलं, दुसरं करणार काय. बॉस्टनला अर्नेस्ट कॉडमन नावाचे एक सर्जन होते, शंभर वर्षांपूर्वीचे. त्यांचं म्हणणं एवढंच, की प्रत्येक पेशंटचं एक कार्ड ठेवायचं आणि किमान वर्षभराने परत बघायचं, आपण जे करायला गेलो ते झालं का, नसेल तर का नाही. ते ज्या मोठ्या हॉस्पिटलात होते तिथे हे रुचलं नाही, १९१४ साली यांनी तिथून राजीनामा दिला. स्वतःच्या छोट्या हॉस्पिटलचा हिशोब मात्र छापला, १९११ ते १९१६ मध्ये ३३७ पेशंट घरी सोडले आणि त्यात १२३ चुका झाल्या. स्वतःच्या चुका, स्वतः मोजून, स्वतः छापल्या. हे वाचून मी अर्धा तास तसाच बसलो होतो, शेजारी पंप घरघरत होता.

इंग्लंडात ब्रिस्टलला उलटं झालं. तिथे लहान मुलांची हार्टची ऑपरेशन्स व्हायची, भूल देणारे डॉक्टर स्टीफन बोल्सिन यांना वाटत होतं की इथे मुलं जरा जास्तच जातात, ते आकडे गोळा करत होते, सांगत होते, वर्षानुवर्षं कोणी मनावर घेतलं नाही. २००१ ला चौकशीचा रिपोर्ट आला त्यात निघालं की १९९१ ते १९९५ या काळात एक वर्षाच्या आतली ३० ते ३५ मुलं, इतर ठिकाणच्या मानाने, जास्तीची गेली. तिथेही कोणी मुद्दाम वाईट काम करत नव्हतं. आकडे होते, पण ते बघून जाब विचारायचं काम कोणाचंच नव्हतं एवढंच.

न्यूयॉर्क राज्याने १९८९ पासून बायपासचा हिशोब ठेवायला सुरुवात केली, पुढे एका पेपरने कोर्टात जाऊन सर्जनच्या नावासकट आकडे बाहेर काढले. १९८९ ला पेशंट किती आजारी होते ते धरून काढलेलं मृत्यूचं प्रमाण ४.१७ टक्के होतं, १९९२ ला २.४५ वर आलं. आता तुमच्यातला कोणीतरी लगेच म्हणेल, तिथे सर्जन लोकांनी अवघड पेशंट घ्यायचेच बंद केले म्हणून आकडे सुधारले. हा वाद तिथेही झाला, आणि आकडे न छापणाऱ्या शेजारच्या राज्यातही प्रमाण कमी झालंच होतं असंही लोकांनी दाखवलं. मला हे मान्य आहे. आकडा लावला की माणसं आकड्याशी खेळतात, मी चौदा वर्षं तेच बघतोय. पण म्हणून आम्ही मोजमाप बंद नाही केलं, मोजायची पद्धत सुधारली.

आणि तुमच्याकडे पद्धत आहे की. युरोस्कोर तुम्हाला माझ्यापेक्षा चांगला माहितीये, वय, किडनी, इन्सुलिन चालू आहे का, हार्टचं पंपिंग किती, आधी ऑपरेशन झालंय का, इमर्जन्सी होती का, हे सगळं भरलं की या पेशंटला किती धोका होता ते निघतं. मग त्या धोक्याप्रमाणे किती दगावतील असा अंदाज होता आणि खरे किती दगावले याची तुलना करायची. आमच्या नानांना मी हे समजावून सांगितलं तर ते पटकन म्हणाले, 'म्हणजे गारपीट झालेल्या बागेचा आणि न झालेल्या बागेचा उतारा एका काट्यावर तोलायचा नाही, असंच ना?' असंच. शेतकऱ्याला कळतं ते नातेवाईकांना कळणार नाही असं समजू नका.

जगात नुसत्या बायपासनंतर मृत्यू शंभरात दोनच्या आसपास धरतात, नानांसारखं खोल इन्फेक्शन शंभरात एक-दोघांना. शुगर जास्त असेल, वजन जास्त असेल, बिडी-सिगरेट असेल तर त्याहून जास्त. म्हणजे नाना त्या एक-दोघांत गेले, नशीब, ठीक आहे. पण नाशिकमध्ये हे एक-दोनच आहे का पाच आहे हे कोणालाच माहीत नसेल तर त्याला नशीब तरी कसं म्हणायचं? ऑपरेशनच्या आधी नानांची तीन महिन्यांची शुगर ९.४ होती. इमर्जन्सी नव्हती. तीन आठवडे थांबून शुगर खाली आणली असती तर चाललं असतं का? मला माहीत नाही, मी डॉक्टर नाही. पण ज्याच्याकडे पाच वर्षांचे असे आकडे असतील तो सर्जन हे सांगू शकेल.

मेला की जगला एवढंच मोजा असंही म्हणत नाहीये मी. बायपासनंतर आयसीयूमध्ये तिसऱ्या रात्री नाना मला ओळखत नव्हते, 'ट्रॅक्टर मागं घे, वेलीवर जाईल' म्हणून ओरडत होते, हात बांधावे लागले. आई बाहेर रडून रडून अर्धी झाली, डोक्यावर परिणाम झाला म्हणून. दोन दिवसांत उतरलं. नंतर कळलं की मोठ्या ऑपरेशननंतर वयस्क माणसांना हे बऱ्यापैकी होतं. तसंच ठोके मधेच १५० वर गेले होते, अनियमित, तेही बायपासनंतर दर चार-पाच जणांत एकाला तरी होतंच. ही दोन वाक्यं आधी कोणी बोललं असतं ना तर आमच्या त्या दोन रात्री वेगळ्या गेल्या असत्या. ते तीन बॉलचं खेळणं देतात श्वासाच्या व्यायामाला, नाना दोन दिवस त्यात फुंकत होते, बॉल काही वर जाईना, शेवटी फिजिओच्या मॅडम आल्या आणि म्हणाल्या बाबा, फुंकायचं नाही, ओढायचं! त्या आणखी दोनदा आल्या असत्या तर बरं झालं असतं.

छातीच्या ऑपरेशनवाल्यांचं तर अजूनच कोणी विचारत नाही. नानांच्या शेजारच्या बेडवर सुरगाण्याकडचा एक पोरगा होता, टीबी होऊन गेलेला, छातीत पू साठून फुप्फुस आवळलं गेलेलं, ते सोलून मोकळं केलं होतं. त्याला नळी आणि बॅग लावूनच घरी पाठवला, बॅग पिशवीत लपवून एसटीने गेला. ती नळी कधी निघाली, त्याला आता चढ चढताना दम लागतो का, कामावर गेला का, कोणत्या फाईलमध्ये असेल हे? आणि ज्या बायांना व्हॉल्व्ह बसवलाय, रक्त पातळ करायची गोळी जन्मभर, दर महिन्याला आयएनआर, म्हणजे रक्त किती पातळ झालंय ते, बघायचा, त्यांच्या तालुक्यात ती टेस्ट तरी होते का? व्हॉल्व्ह कितीही चांगला बसवा, आयएनआर बोंबलला की गुठळी नाहीतर रक्तस्राव. तुमचं ऑपरेशन पासच आहे त्यात. बाई नापास.

नानांच्या कार्डवर लिहिलंय की छातीतली आतली धमनी पुढच्या मुख्य नळीला जोडली आणि बाकी दोन ठिकाणी पायातली शीर. दहा वर्षांनी छातीतल्या धमनीचे जोड दहातले नऊ चालू असतात, पायातल्या शिरेचे निम्मे बंद पडलेले असतात असं वाचलंय. म्हणजे ऑपरेशनचा खरा रिझल्ट कुठे २०३५ ला लागणार, आणि आपण आठव्या दिवशी पेढे वाटतो. आम्ही पण वाटले होते.

आमचीही चूक आहे, ती लिहितो. हॉस्पिटल निवडताना आम्ही काय विचारलं? मेहुण्याच्या साडूचं तिथे झालं होतं, पार्किंग आहे, नातेवाईकाला झोपायला जागा आहे. डॉक्टरांना विचारलं काय तर 'गॅरंटी आहे ना?' आणि समजा उद्या एखाद्या हॉस्पिटलने प्रामाणिकपणे आकडा लावला तर तोच फोटो काढून व्हॉट्सॲपवर 'बघा इथे एवढी माणसं मारली' म्हणून फिरवणारेही आम्हीच. काचा फोडणारेही आमच्यातलेच, त्याच्यासाठी २०१० ला कायदा करावा लागला सरकारला. तुम्ही का घाबरता ते दिसतं. म्हणून म्हणतो एकट्याने करू नका, नाशिकमधली जेवढी हॉस्पिटलं ही ऑपरेशन्स करतात तेवढ्यांनी एकत्र बसा, पहिली दोन वर्षं नावं नका छापू, फक्त नाशिकचा मिळून आकडा काढा. स्वतःला तरी कळू दे.

२०२१ च्या नियमांनी तुम्हाला दरपत्रक आणि रुग्णहक्कांची सनद दर्शनी भागात लावायला लावली, लागली की नाही भिंतीवर? बऱ्याच ठिकाणी कुंडीच्या मागे का होईना पण लागली. त्याच भिंतीवर आणखी एक कागद मावेल.

खर्च फार नाहीये याला. एक माणूस आणि एक फोन. डिस्चार्जनंतर तिसाव्या दिवशी, नव्वदाव्या दिवशी आणि वर्षाने. फुप्फुसाच्या ऑपरेशनवाल्यांना तर नव्वदाव्या दिवसाचा फोन चुकवूच नका, कारण तिथे तिसाव्या दिवसानंतरही बऱ्याच गोष्टी बिघडतात. जिवंत आहेत का, दुसरीकडे कुठे ॲडमिट झाले का, जखम कशी आहे, गोळ्या चालू आहेत का, कामाला लागले का. पाच प्रश्न, चार मिनिटं. आणि पहिला महिनाभर पेशंटसाठी एक असा नंबर की जो उचलणाऱ्याला 'आत्ता या' म्हणायचा अधिकार आहे, जखमेचा फोटो पाठवला तर तो बघणारा कोणीतरी आहे. नानांच्या त्या रुपयाएवढ्या डागाचा फोटो शुक्रवारी माझ्या मोबाईलमध्ये होता. पाठवायचा कोणाला हे माहीत नव्हतं.

माणूस कुठून आणायचा म्हणाल तर दिंडोरी रोडला जाताना डाव्या-उजव्या हाताला जरा बघत जा, आरोग्य विज्ञान विद्यापीठ म्हसरूळलाच आहे, १९९८ पासून. अख्ख्या महाराष्ट्राचे मेडिकलचे विद्यार्थी ज्याच्या हाताखाली, ते आपल्या गावात. पीजीच्या पोरांना प्रबंधाला विषय लागतातच. आणि महात्मा फुले योजनेच्या साहेबांनाही सांगणं आहे, ज्या पेशंटची दोन्ही ॲडमिशन योजनेत झाली त्यांचे क्लेम तुमच्याकडेच येतात, हॉस्पिटल वेगळं असलं तरी. २०१२ ला राजीव गांधी जीवनदायी म्हणून सुरू झाली तेव्हापासूनचा केवढा हिशोब पडून असेल. पैसे किती दिले एवढंच त्यातून काढायचं का? कोण किती दिवसांत परत ॲडमिट झाला हे आमच्या ऑफिसातला पोरगा एक्सेलवर संध्याकाळपर्यंत काढून देईल.

बाकी सगळं तुम्ही जाणता. मला फक्त नानांचा हिशोब तुमच्या वहीत दुरुस्त करून हवाय, तोही फुकट देतो, लिहून घ्या.

पेशंट पुरुष, ६७. बायपासनंतर बावीस दिवस स्टेबल. मग छातीच्या हाडाचं खोल इन्फेक्शन, दुसऱ्या हॉस्पिटलला २७ दिवस. आज दहावा महिना. छातीत दुखत नाही, दम लागत नाही, रोज सकाळी बांधाने दोन किलोमीटर चालतात, म्हणजे हार्टचं काम एक नंबर झालंय, ते तुमच्या खात्यात घ्या. तीन महिन्यांची शुगर ७.१. सप्तशृंगीचा गड पायऱ्यांनी चढायचाय म्हणतात, आम्ही रुळावरच्या ट्रॉलीने नेलं. दोन्ही हात खांद्याच्या वर नेले की छाती ओढते, त्यामुळे ऑक्टोबरची गोडी छाटणी, म्हणजे फळासाठीची, पहिल्यांदाच मजुरांनी केली, कारण मांडवाखाली उभं राहून कात्री वरच धरावी लागते. नाना खाली खुर्ची टाकून बसले होते, हातात काठी, 'तो डोळा नको, त्याच्या पुढचा' असं दाखवत. मजूर वैतागले होते.

फाईल नंबर माझ्याकडे आहे. आणि वर्षाचा फोन करायचा ठरवलात तर जानेवारीत करा, सकाळी अकराच्या आत, नंतर ते बागेत असतात आणि फोन घरी आईजवळ असतो, ती तुम्हाला आधी जेवलात का विचारेल.

आपला,
एका पेशंटचा मुलगा
सातपूर, नाशिक